मोतीबिंदू निघाला, तरी अक्षरे पुसट का?

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल आसनगाव सोडून पुढे गेली, की आटगाव येते. मुंबईकरांना हे स्थानक ठाऊक असते ते तानसा तलावामुळे. १८९२ पासून मुंबई ज्याचे पाणी पिते तो हा तलाव. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'आटगाव' लिहिलेले असते. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या सत्तरीच्या शेतकऱ्याची दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि तो या पाटीसमोर उभा आहे, अशी कल्पना करू. पाटीचा पिवळा रंग त्याला लख्ख दिसेल. शस्त्रक्रियेपूर्वी तोच रंग मळकट तपकिरी भासत असे. अक्षरांच्या माथ्यावरची शिरोरेषाही तो बोटाने दाखवील. मात्र त्या रेषेखाली उतरणारे 'आ'चे नि 'गा'चे काने आणि 'व'चा दंड त्याला पसरट, शेजारच्या रेषेत मिसळलेले दिसण्याची शक्यता आहे. पाटी दिसते, पण वाचता येत नाही.

अशा वेळी घरची मंडळी 'ऑपरेशन नीट झाले नाही' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. गावातला दुसरा मोतीबिंदूवाला त्यांचे ऐकतो आणि आपली शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. वस्तुतः शस्त्रक्रियेत काही बिघडलेले नसतेही. गढूळ झालेले भिंग निघालेले असते, त्या जागी कृत्रिम भिंग नेमके बसलेले असते, डोळ्याचा पडदाही निरोगी असतो. अडचण असते ती डोळ्याच्या अगदी पुढच्या भागात, ज्याला शस्त्रक्रियेने फक्त एक छेद दिला त्या पारदर्शक घुमटात. त्याला शास्त्रीय मराठीत पारपटल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात. हा घुमट सर्व बाजूंनी सारखा गोल नसला, तर निर्माण होणाऱ्या दोषाला अबिंदुकता किंवा ॲस्टिग्मॅटिझम असे नाव आहे. चष्म्याच्या कागदावर तो 'सिलिंड्रिकल नंबर' म्हणून येतो.

डोळ्याची प्रकाश वाकवण्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर मानली, तर त्यातील सुमारे ४३ डायॉप्टर, म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक वाटा, या पारपटलाचा असतो. आतले भिंग उरलेले काम करते. पारपटल चेंडूच्या पृष्ठभागासारखे असेल, तर बिंदूतून निघालेला प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर पुन्हा बिंदूपाशीच जमतो. पण ते अंड्याच्या कुशीसारखे असेल, एका दिशेने अधिक वळलेले आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेने कमी वळलेले, तर प्रकाश एका बिंदूत जमत नाही. अबिंदुकता हा शब्द त्यावरूनच आला. एका दिशेच्या रेषा स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेच्या पुसट, हा त्याचा परिणाम. आटगावच्या पाटीवरची शिरोरेषा दिसते आणि काने पसरतात ते पारपटल आडव्या दिशेने अधिक वळलेले असले म्हणजे. उभे वळण अधिक असेल, तर नेमके उलट घडू शकते.

हा दोष सर्वप्रथम ज्याने नीट ओळखला, त्या टॉमस यंग या इंग्रज वैद्याने १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यावर केलेला एक प्रयोग इथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. यंगला आपल्या दृष्टीत हा दोष आढळला, पण तो पारपटलाचा की आतल्या भिंगाचा, हे ठरवायचे होते. त्याने डोळ्यापुढे पाणी धरले. पाण्यात डोळा बुडाला, की पारपटलाची शक्ती जवळजवळ नाहीशी होते, कारण दोन्हींची प्रकाश वाकवण्याची क्षमता जवळपास सारखी असते. तरीही दोष तसाच राहिला. म्हणजे यंगचा दोष भिंगातला होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हा याच प्रयोगाचा उलटा भाग म्हणता येईल. ती भिंग काढून टाकते आणि पारपटल जसेच्या तसे ठेवते. साहजिकच भिंगामुळे असलेला सिलिंड्रिकल नंबर भिंगाबरोबर जातो आणि पारपटलाचा तेवढा उरतो. रुग्णाच्या जुन्या चष्म्याचा नंबर पाहून शस्त्रक्रियेनंतर काय उरेल याचा अंदाज बांधता येत नाही, याचे कारण हेच आहे. चष्म्याच्या नंबरात दोघांची बेरीज असते. पारपटलाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तो मांडण्याचे साधन म्हणजे केरॅटोमीटर. मोतीबिंदू पिकून डोळा पांढरा झालेला असला आणि चष्म्याचा नंबर काढणारे यंत्र हात टेकत असले, तरी हे साधन चालते, कारण त्याला डोळ्याच्या आत डोकावण्याची गरजच नसते. घासून लखलखीत केलेल्या तांब्यात स्वतःचा चेहरा पाहिला, तर तो लहान दिसतो. तांब्याचा गळ्याकडचा वळसा जितका आवळ, तितका चेहरा अधिक बारीक. पारपटलावरचा अश्रूंचा पातळ थर अशाच आरशाचे काम करतो. केरॅटोमीटर ठरावीक आकाराची प्रकाशित खूण डोळ्यापुढे धरतो आणि पारपटलात पडलेले तिचे प्रतिबिंब किती लहान झाले ते मोजतो. त्यावरून वळणाची त्रिज्या कळते, आणि ३३७.५ या संख्येला मिलिमीटरमधील त्रिज्येने भागले, की डायॉप्टरमधील शक्ती मिळते. त्रिज्या ७.५ मिलिमीटर असेल तर ४५ डायॉप्टर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे तत्त्व प्रयोगशाळेत वापरले, आणि १८८१ मध्ये पॅरिसमध्ये जावाल आणि श्योट्झ यांनी त्याचे दवाखान्यात वापरण्याजोगे यंत्र केले. आजही अनेक रुग्णालयांतील हाताने फिरवायचे केरॅटोमीटर त्याच कुळातले आहेत.

मोजणी दोन दिशांनी होते. समजा, आपल्या शेतकऱ्याच्या उजव्या डोळ्याची आडव्या दिशेतली शक्ती ४५ आणि उभ्या दिशेतली ४३ डायॉप्टर भरली. त्रिज्येत बोलायचे, तर ७.५० आणि ७.८५ मिलिमीटर. फरक फक्त ०.३५ मिलिमीटरचा, पण चष्म्याच्या भाषेत तो २ डायॉप्टरचा सिलिंड्रिकल नंबर आहे.

आता या आकड्यांचे पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाची शक्ती ठरवण्यासाठी वर्षानुवर्षे शिकवले गेलेले सोपे सूत्र असे आहे: भिंगाच्या प्रकारानुसार ठरलेला एक स्थिरांक घ्यायचा, त्यातून डोळ्याच्या लांबीची अडीच पट आणि पारपटलाच्या सरासरी शक्तीची ०.९ पट वजा करायची. स्थिरांक ११८, लांबी २३ मिलिमीटर आणि सरासरी शक्ती ४४ असेल, तर उत्तर २०.९ येते, म्हणजे २१ नंबरचे भिंग. आज अधिक अचूक सूत्रे आली आहेत, पण साध्या भिंगासाठी त्यांतही लागते ती सरासरीच. ४५ आणि ४३ यांची सरासरी ४४, आणि ४४ आणि ४४ यांचीही सरासरी ४४. पूर्ण गोल पारपटलाच्या माणसाला आणि आपल्या शेतकऱ्याला सूत्र एकच भिंग देते. एकाला शस्त्रक्रियेनंतर चष्म्यावाचून पाटी वाचता येईल, दुसऱ्याला येणार नाही. मोजणी दोघांचीही झाली होती, यंत्राने फरकही दाखवला होता. तो सरासरीत विरघळला. गर्दीच्या रुग्णालयात केसपेपरवर दोन आकडे लिहिले जातात, सूत्रात त्यांची सरासरी जाते, आणि त्यांच्यातला फरक व त्याची दिशा यांचा पुढे कुणी विचार करतोच असे नाही. या विषयातील खरी हानी इथे होते.

म्हातारपणी हा फरक कोणत्या दिशेने असतो, यालाही महत्त्व आहे. तरुण डोळ्यांत सामान्यतः उभे वळण अधिक असते. वरच्या पापणीचा दाब हे त्याचे एक कारण सांगितले जाते. वय वाढते तशी पापणी सैल पडते, पारपटलाचा आकार हळूहळू बदलतो आणि आडवे वळण अधिक होत जाते. नेत्रवैद्यकात पहिल्या प्रकाराला नियमानुसारी आणि दुसऱ्याला नियमविरुद्ध म्हणतात. नावे तरुणांना प्रमाण मानून दिली गेली आहेत, हे उघडच आहे. मोतीबिंदू हा मुख्यतः उतारवयाचा आजार असल्याने नियमविरुद्ध दोषाचे रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोठ्या संख्येने येतात. जर्मनीत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोतीबिंदूच्या रुग्णांचे २३ हजारांहून अधिक डोळे मोजले गेले. त्यात सुमारे ३६ टक्के डोळ्यांत १ डायॉप्टरहून अधिक आणि ८ टक्के डोळ्यांत २ डायॉप्टरहून अधिक पारपटलीय दोष आढळला. आपला कल्पित शेतकरी तसा या ८ टक्क्यांच्या उंबरठ्यावरचा आहे; अपवादात्मक नव्हे. अर्धा-पाऊण डायॉप्टरचा दोष मात्र बहुतेकांना जाणवतही नाही, आणि त्यासाठी कुणी जिवाला घोर लावून घेण्याचे कारण नाही.

इथपर्यंतची गोष्ट निसर्गाची. यानंतर शस्त्रक्रियेचा भाग येतो. शहरातील खासगी रुग्णालयांत ज्याला लोक 'बिनटाक्याचे, लेझरचे ऑपरेशन' म्हणतात, ते बहुतेक वेळा लेझरचे नसून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडण्याचे, म्हणजे फेको पद्धतीचे असते. त्यात छेद तीन मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतो. धर्मादाय आणि सरकारी रुग्णालयांत ग्रामीण रुग्णांसाठी जी पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, ती हाताने करण्याच्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेची. तिला महागडे यंत्र लागत नाही, कडक झालेला मोतीबिंदूही तीत सुरक्षितपणे अखंड बाहेर काढता येतो, आणि टाकाही बहुधा घालावा लागत नाही. पण तिचा 'लहान' छेद साधारण सहा मिलिमीटरचा असतो. छेद ज्या दिशेला घ्यावा, त्या दिशेचे वळण बरे होताना काहीसे सपाट होते. परंपरेने हा छेद डोळ्याच्या वरच्या बाजूस घेतला जात आला. शस्त्रवैद्य रुग्णाच्या डोक्यापाशी बसतो, त्याला तेथून हात चालवणे सोयीचे पडते, आणि पापणीखाली जखम झाकलीही जाते. परंतु वरचा छेद उभे वळण आणखी सपाट करतो. ज्याचे उभे वळण आधीच कमी आहे, त्या म्हाताऱ्या डोळ्याचा दोष त्यामुळे वाढतो.

किती वाढतो, याचे उत्तर मुंबईचे नेत्रतज्ज्ञ निखिल गोखले आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००५ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. त्यांनी हीच हाताने करायची शस्त्रक्रिया तीन ठिकाणी छेद घेऊन तपासली: वर, कानशिलाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात, आणि थेट कानशिलाच्या बाजूला. वरच्या छेदाने सरासरी १.२८ डायॉप्टरचा नियमविरुद्ध दोष निर्माण झाला. वरच्या कोपऱ्यातील छेदाने तो ०.२० इतकाच. कानशिलाच्या बाजूच्या छेदाने ०.३७ डायॉप्टरचा, पण उलट दिशेचा. हे आकडे आपल्या शेतकऱ्याला लावून पाहू. मूळ दोष २ डायॉप्टर. वरून छेद घेतला, तर तो ३.२८ च्या घरात जाईल. कानशिलाच्या बाजूने घेतला, तर १.६३ पर्यंत उतरेल. सरासरीवरून एकेका डोळ्याचे भाकीत करता येत नाही, हे मान्य करूनही ही तफावत दुपटीची आहे. भिंग तेच, यंत्रसामग्री तीच, खर्च तोच. बदलली ती केवळ वैद्याची बसायची जागा. पण कोणत्या डोळ्यासाठी जागा बदलायची हे कळण्यासाठी केरॅटोमीटरचे दोन्ही आकडे आणि त्यांच्या दिशा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचायला हव्यात.

पुण्यातील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात झालेल्या आणि २००५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा उल्लेखही इथे आवश्यक आहे. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर फेको आणि हाताने करायची शस्त्रक्रिया यांची तुलना केली. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी फेकोच्या ८१ टक्के आणि दुसऱ्या पद्धतीच्या ७१ टक्के रुग्णांना मिळाली. योग्य चष्मा लावल्यावर मात्र दोन्हींचा आकडा ९८.४ टक्क्यांवर आला. हा निकाल बहुधा दोन पद्धतींमधील स्पर्धेचा निकाल म्हणून सांगितला जातो, आणि कमी खर्चाची पद्धत सुरक्षिततेत व अंतिम दृष्टीत मागे नाही हे त्यातून सिद्ध झाले, ही ग्रामीण रुग्णांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती. परंतु ७१ आणि ९८ यांच्यामधील अंतराकडे पाहिले, तर दुसरी बाब समोर येते. त्या पद्धतीच्या शंभरातील सत्तावीस जणांना स्पष्ट दृष्टी शस्त्रक्रियेने नव्हे, शस्त्रक्रियेनंतरच्या चष्म्याने दिली. या अंतराला पारपटलाचा दोष एकटाच जबाबदार नसतो, भिंगाच्या शक्तीतील चूकही असते. पण तो त्यातला मोठा वाटेकरी आहे. पुण्याच्या चाचणीत रुग्ण सहा आठवड्यांनी परत आले, त्यांची तपासणी झाली. आटगावपासून आत पाच-सात किलोमीटर पाड्यावर राहणारा माणूस भाताच्या लावणीच्या दिवसांत सहा आठवड्यांनी चष्म्यासाठी परत येईल का?

मोजणी नेमकी कशी बिघडते, हे समजून घेणेही उपयोगाचे आहे, कारण चुकीचा आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा अधिक घात करतो. आरसा अश्रूंचा असल्याने डोळा कोरडा असला, की प्रतिबिंब तुटक आणि वेडेवाकडे दिसते. उतारवयात डोळे कोरडे पडतातच. त्यात चुलीचा धूर आणि उन्हातले काम. म्हणून मोजण्यापूर्वी रुग्णाला दोन-चारदा पापण्या मिटायला सांगून लगेच मोजतात. दुसरी चूक क्रमाची. डोळ्याची लांबी मोजताना बधिरतेचे थेंब टाकून सोनोग्राफीचा दांडा पारपटलाला टेकवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. हे आधी केले आणि केरॅटोमीटर नंतर लावला, तर थेंबांनी ओला-सुका झालेला आणि दांड्याने दबलेला पृष्ठभाग मोजला जातो. वळणाची मोजणी नेहमी अगोदर, डोळ्याला कशाचाही स्पर्श होण्यापूर्वी व्हायला हवी. तिसरी चूक सहानुभूतीतून होते. पापणी जड होऊन खाली आलेली असते, तंत्रज्ञ ती बोटाने वर धरतो आणि नकळत डोळ्यावर दाब देतो. तेवढ्याने वळण बदलते. पापणी धरायची तर हाडाच्या कडेवर दाबून.

डोके तिरपे राहिले, तर दिशा चुकते. पाठीला पोक आलेल्या, मान न वळणाऱ्या आजींना हनुवटी यंत्राच्या टेकूवर नीट ठेवता येत नाही, यंत्राचे टेबल वर-खाली करण्याइतका वेळ कुणापाशी नसतो, आणि कागदावर अक्ष दहा अंशांनी चुकीचा उतरतो. उन्हात आयुष्य गेलेल्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने पारपटलावर मांस चढत येते. टेरिजियम नावाची ही वाढ आडवी दिशा ओढून सपाट करते आणि मोठा सिलिंड्रिकल नंबर दाखवते. तो मोतीबिंदूच्या हिशेबात घ्यायचा, की आधी ती वाढ काढून पारपटल स्थिरावल्यावर पुन्हा मोजायचे, हे तज्ज्ञालाच ठरवावे लागते. आकडा संशयास्पद आहे हे ओळखण्याच्या काही साध्या खुणाही आहेत. शक्ती ४१ हून कमी किंवा ४७ हून अधिक निघाली, दोन डोळ्यांच्या सरासरीत सुमारे १ डायॉप्टरचा फरक पडला, किंवा दोष अडीच डायॉप्टरहून मोठा दिसला, तर तीच मोजणी पुन्हा, शक्य तर दुसऱ्या माणसाने करावी. तीनदा मोजून तिन्ही वेळा जवळचे आकडे आले, तरच विश्वास ठेवावा.

शहरांत यासाठी अधिक प्रगत साधने आहेत. पारपटलाला स्पर्श न करता प्रकाशाने लांबी आणि वळण दोन्ही मोजणारी यंत्रे १९९९ पासून वापरात आली. साधा केरॅटोमीटर पारपटलाच्या मधला जेमतेम तीन मिलिमीटरचा भाग पाहतो. संपूर्ण पृष्ठभागाचा नकाशा काढणारी यंत्रे कडांपर्यंत जातात. काही यंत्रे पारपटलाची मागची बाजूही दाखवतात, आणि तीमुळे एक उणीव उघडकीस आली. मागची बाजू सरासरी ०.३ डायॉप्टरचा नियमविरुद्ध दोष स्वतःच्या वतीने घालत असते, असे २०१२ मध्ये अमेरिकेत दाखवून देण्यात आले. केवळ पुढची बाजू मोजणारे यंत्र म्हाताऱ्या डोळ्यांचा दोष थोडा कमीच सांगते. म्हणजे वरून छेद घेण्याआधी विचार करण्यास आणखी एक कारण.

दोष मोठा असेल, तर कृत्रिम भिंगातच सिलिंड्रिकल नंबर घालता येतो. अशा टोरिक भिंगांना अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि ती आता भारतातील मोठ्या शहरांत सर्रास बसवली जातात. त्यांचे गणित निष्ठुर आहे. भिंग ठरलेल्या दिशेपासून एक अंश फिरले, की सुधारणेचा सुमारे ३.३ टक्के भाग वाया जातो. ३० अंश फिरले, तर बसवूनही उपयोग शून्य. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो, म्हणून दिशेची खूण रुग्ण बसलेला असतानाच करावी लागते. चुकीच्या मोजणीवर बसवलेले टोरिक भिंग हे साध्या भिंगापेक्षा महागडे अपयश ठरते. ज्या रुग्णालयात केरॅटोमीटरची मोजणी घाईत उरकली जाते, तेथे महाग भिंग विकण्याची घाई करू नये, हे रुग्णांच्या नातेवाइकांनीही लक्षात ठेवावे.

ग्रामीण भागासाठी मात्र प्रश्न टोरिकचा नाही. देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आढळला. म्हणजे पहिली गरज अजूनही शस्त्रक्रिया होण्याचीच आहे. पण मोजमापाची पट्टी बदलली आहे. किती शस्त्रक्रिया झाल्या याऐवजी, ज्यांना गरज होती त्यांपैकी किती जणांना शस्त्रक्रियेनंतर चांगले दिसू लागले, हा आकडा आता जागतिक आरोग्य संघटना मागते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३० पर्यंत तो ३० टक्के गुणांनी वाढवण्याचे लक्ष्य स्वीकारले, आणि 'चांगले' म्हणजे ६/१२ किंवा त्याहून अधिक. या पट्टीवर ३ डायॉप्टरच्या दोषासह आणि चष्म्याविना घरी गेलेला शेतकरी यशस्वी शस्त्रक्रियांत मोजला जाण्याची शक्यता फारच कमी. तो भाताच्या खाचरात वावरू शकेल, गुरे ओळखील. पण लोकलचा डबा आणि फलाट यांमधील फट, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, नातवाच्या पायात रुतलेला काटा या गोष्टी त्याच्या दृष्टीच्या पलीकडे राहतील.

आता शस्त्रक्रिया शिबिराच्या मांडवात होत नाहीत. गावात तपासणी होते, मोतीबिंदू आढळलेल्यांना वाहनाने रुग्णालयात नेले जाते आणि एक-दोन दिवसांत घरी सोडले जाते. या साखळीत पहिली मोजणी बऱ्याचदा नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याच्या हातची असते. शस्त्रवैद्याला एकेका रुग्णासाठी मिळणारी मिनिटे मोजकीच असतात. त्याने टेबलापाशी आल्यावर केसपेपर चाळून विचार करावा, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. त्यापेक्षा ज्यांचे आडवे वळण उभ्याहून एक डायॉप्टरने अधिक आहे, त्यांच्या कागदावर आदल्या संध्याकाळीच ठळक खूण करून ते रुग्ण एकापाठोपाठ घेतले, तर वैद्याला कानशिलाच्या बाजूला एकदाच खुर्ची सरकवावी लागेल. कानशिलाच्या बाजूचा छेद पापणीखाली झाकला जात नाही, त्यामुळे त्याची जखम नीट मिटली आहे ना हे अधिक बारकाईने पाहावे लागते. ज्याला हा हात बसलेला नाही त्याने वरच्या कोपऱ्यातील छेदावर थांबले तरी ०.२० डायॉप्टरवर निभावते.

आणि डोळा एकच नसतो. बहुतेकांच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढत असतो आणि त्याची शस्त्रक्रिया काही महिन्यांनी, कधी दुसऱ्याच रुग्णालयात होते. पहिल्या डोळ्याच्या सुट्टीच्या कागदावर दोन्ही दिशांची शक्ती, अक्ष, बसवलेल्या भिंगाचा नंबर आणि छेदाची जागा लिहिलेली असेल, आणि सहा आठवड्यांनी चष्मा देताना तोच डोळा केरॅटोमीटरवर पुन्हा पाहिला असेल, तर छेदाने प्रत्यक्षात किती डायॉप्टर इकडचे तिकडे केले ते दुसऱ्या वैद्याला आयतेच कळते. शहापूर-मुरबाडकडच्या घरांत असे कागद रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असतात. त्यावर सरासरीऐवजी दोन्ही आकडे लिहिण्यासाठी लागते ती एक जास्तीची ओळ.